सिव्हिल कोर्टाला गाडी कशी बदलायची

परवा पुणे मेट्रोच्या सिव्हिल कोर्ट स्थानकात सरकत्या जिन्यापाशी एका आजींनी माझी बाही धरली. सोबत सात-आठ वर्षांचा नातू, हातात दोन पिशव्या, एकीतून कढीपत्त्याची डहाळी डोकावतेय. "दादा, स्वारगेट वर का खाली?" मी म्हटलं, "खाली, आजी. अगदी तळाला." त्या नातवाकडे वळून म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?" दोघं निघाले होते मात्र वर.

पुण्यात नवीन आलेल्याला या स्थानकात हाच प्रश्न पडतो. एरवी मेट्रोत चुकायला फारसा वाव नसतो. गाडीत बसायचं, नाव पुकारलं की उतरायचं. इथे मात्र एक गाडी पुलावरून येते, दुसरी जमिनीच्या पोटातून, आणि मध्ये इतके जिने की माणूस आपण कुठल्या मजल्यावर आहोत तेच विसरतो. मी वर्षभर रोज आनंदनगर ते कासारवाडी आणि परत करतोय, म्हणजे दिवसातून दोनदा इथे गाडी बदलतो. त्या जोरावर हे लिहितोय.

आधी नावाचा घोळ

पाटीवर आणि घोषणेत नाव आहे 'जिल्हा न्यायालय'. बोलताना सगळे म्हणतात सिव्हिल कोर्ट. रिक्षावाल्याला नुसतं 'कोर्ट' म्हटलं तरी पुरतं. जागा कामगार पुतळ्यापाशी, कोर्टाच्या शेजारी, जिथे पूर्वी सरकारी धान्याची गोदामं होती तिथे.

गोंधळ होतो तो शिवाजीनगरशी. जिल्हा न्यायालयाचा सगळा परिसर बोलण्यात शिवाजीनगरच, पण 'शिवाजीनगर' नावाचं वेगळं मेट्रो स्थानक आहे, एक स्टॉप अलीकडे, रेल्वेच्या शिवाजीनगर स्टेशनला लागून. तिथे वनाज-रामवाडीची, म्हणजे दुसऱ्या मार्गिकेची, गाडी येत नाही. "शिवाजीनगरला उतरून गाडी बदल" असं कोणी फोनवर सांगितलं, तर समजा की सांगणारा मेट्रोने फिरत नाही.

आणखी एक. नाशिक, संभाजीनगरकडून एसटीने येणाऱ्यांना घरचे जुन्या सवयीने सांगतात, "शिवाजीनगर स्टँडला उतर." तो स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ संपता संपता वाकडेवाडीला हलवला. वाकडेवाडीहून शिवाजीनगर मेट्रो बॅगा घेऊन चालण्याएवढी जवळ नाही. सरळ रिक्षा करा.

नकाशा, दोन ओळींत

सध्या दोन मार्गिका. जांभळी उत्तर-दक्षिण, पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेपासून स्वारगेटपर्यंत. दुसरी पश्चिम-पूर्व, वनाजपासून रामवाडीपर्यंत, तिचा रंग निळसर हिरवा. कागदोपत्री ती 'ॲक्वा', लोकांच्या तोंडी 'वनाजची'. अधिकाचं चिन्ह काढा, मधला बिंदू म्हणजे हे स्थानक. दोन्ही मार्गिका फक्त इथेच भेटतात, म्हणून गाडी बदलायची तर इथेच.

सुरुवात झाली ६ मार्च २०२२ ला, पण तेव्हा नुसते दोन तुकडे होते. इकडे वनाज ते गरवारे कॉलेज, तिकडे पिंपरी ते फुगेवाडी, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तेव्हा लोक मेट्रोने कुठे जायचे नाहीत, नुसते फिरायला जायचे आणि तिकीट काढून परत यायचे. १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही तुकडे सिव्हिल कोर्टाला येऊन मिळाले आणि मेट्रो पहिल्यांदा कामाची झाली. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंतचा भाग आला आणि सप्टेंबरात स्वारगेटपर्यंतचा भुयारी. त्याच्या उद्घाटनाचा ठरलेला कार्यक्रम पावसाने बुडाला आणि तीन दिवसांनी, २९ तारखेला, ऑनलाइन उरकला. पुण्याच्या पावसाने त्याही दिवशी आपला मान सोडला नाही.

दिशा ओळखायची शेवटच्या स्थानकाच्या नावावरून. वनाज, रामवाडी, स्वारगेट आणि पिंपरी-चिंचवड ही चार नावं पाठ असली की बाण शोधत बसावं लागत नाही. वनाज आणि रामवाडी वर. स्वारगेट आणि पिंपरी खाली. एवढं घोकून ठेवलंत तर बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

तिकीट

दोन मार्गिकांना मिळून एकच तिकीट. वनाजला बसून मंडईला उतरायचं असेल तर तिकीट थेट मंडईचं काढा, कोर्टाचं नाही. नवी माणसं इथे हमखास चुकतात. "आधी कोर्टापर्यंत काढू, मग पुढचं बघू" हा एसटीचा हिशेब इथे महाग पडतो, कारण दोन वेगळी तिकिटं काढलीत तर भाडं दोनदा बसतं आणि गेटातून बाहेर जाऊन पुन्हा आत येण्याचा द्राविडी प्राणायाम वेगळा.

भाडं १० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत. तिकीट खिडकीवर मिळतं, यंत्रावर मिळतं, मोबाइल ॲपवर आणि व्हॉट्सॲपवरही मिळतं. कागदी तिकिटावर क्यूआर छापलेला असतो. ते आत जाताना दाखवायचं आणि बाहेर पडतानाही दाखवायचं, तेव्हा गेटातून आत आल्याबरोबर त्याची सुरळी करून खिशात कोंबू नका. चुरगळलेला क्यूआर गेट वाचत नाही, आणि मागे रांग असेल तर पुणेकर काय बोलतात ते तुम्हाला लवकरच कळेल.

रोजचा प्रवास असेल तर 'एक पुणे' कार्ड घ्या. आठवड्यात त्यावर १० टक्के सवलत आहे. शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत सगळ्यांनाच मिळते, आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या वेगळ्या कार्डावर ३० टक्के. पाहुणे आलेत आणि दिवसभर चढ-उतर करायची आहे, तर १०० रुपयांचा दिवसाचा पास बघा. पण चार फेऱ्यांपेक्षा कमी होणार असतील तर तो बहुतेक वेळा परवडत नाही, आधी बेरीज करा.

वरून खाली: वनाज-रामवाडीच्या गाडीतून उतरून

कोथरूडकडून किंवा पुणे स्टेशनकडून आलात की तुम्ही पुलावरच्या फलाटावर उतरता. आता एकेक करून.

१. दार उघडलं की घाई करू नका. गर्दीतले निम्मे लोक कोर्टात जाणारे असतात. हातात फायली, काळा कोट, चालण्यात तारखेची धास्ती. त्यांच्या मागे गेलात तर तुम्हीही थेट कोर्टात पोचाल. ते बाहेर पडणार आहेत, तुम्हाला आतच राहायचं आहे.

२. फलाटावरून जिन्याने किंवा लिफ्टने मधल्या मजल्यावर या. इथे डोकं वर करून पाटी वाचा. जांभळ्या पट्ट्याची, स्वारगेट आणि पिंपरीची नावं असलेली. पायाखाली किंवा भिंतीवर खूण दिसली तरी शेवटचा शब्द वरच्या पाटीचा.

३. समोर बाहेर पडायची गेटं दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. गाडी बदलण्याची वाट गेटांच्या आतूनच जाते. पहिल्याच महिन्यात सकाळच्या तंद्रीत मी कार्ड टेकवून रुबाबात बाहेर पडलो, समोर रस्ता आणि रिक्षा बघून जागा झालो. परत आत गेलो, कार्डातून दुसऱ्यांदा पैसे गेले आणि कासारवाडीला उशिरा पोचलो तो वेगळाच.

४. आता उतरा. आणि उतरत राहा. एक सरकता जिना संपला की वाटतं आलो, तर पुढे आणखी एक. भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे, म्हणजे अकरा मजली इमारत उलटी पुरल्यासारखी. त्यात तुम्ही निघालात पुलावरून, तेव्हा रस्त्याच्या वरचे मजले त्यात धरा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हट्टाने जिने चढू-उतरू नयेत, लिफ्ट आहेत. फक्त एकच लिफ्ट वरच्या फलाटावरून थेट तळाला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, मध्ये बदलावी लागते.

५. तळाच्या फलाटावर आलात की पुन्हा एकदा नाव बघा. स्वारगेटकडे जाणाऱ्या गाडीची पाटी वेगळी, पिंपरीकडची वेगळी. पडद्यावर पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते दिसतं.

माझ्या पायांना वरच्या फलाटावरून खालच्या फलाटावर पोचायला पाच-सहा मिनिटं लागतात. आईला घेऊन लिफ्टने गेलो तर दहा. मुलाला कडेवर आणि बॅग हातात असेल तर दहाच धरा. इथल्या अंतराचं गणित लांबीत नाही, खोलीत आहे. गाडीत स्टेशनं मोजणारे लोक ही पाच-दहा मिनिटं धरायला विसरतात आणि मग मेट्रोला उशीर झाला म्हणतात.

इतकं खोल का, असं सगळे विचारतात. कारण पुढे मुठा नदी आहे. मार्गिका कोर्टापासून निघते ती नदीच्या पात्राखालून कसबा पेठेत जाते आणि मग पेठांच्या दाट वस्तीखालून मंडई आणि स्वारगेट गाठते. जुन्या वाड्यांच्या भिंतींखालून यंत्र न्यायचं तर खडकात खोल जाणंच शहाणपणाचं. ही भुयारं खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नावं दिली होती. दोन्ही बाजूंचं मिळून सुमारे १२ किलोमीटरचं खोदकाम जून २०२२ मध्ये संपलं. आम्ही तेव्हा बुधवार पेठेत वरून चालत होतो, खाली काय चाललंय याचा पत्ताही नव्हता.

मात्र एवढं खोल असूनही ते तळघर वाटत नाही, हे या स्थानकाचं खरं वैशिष्ट्य. वरचं छत असं बांधलंय की सूर्यप्रकाश थेट खालच्या फलाटापर्यंत येतो. दुपारी बाराच्या सुमाराला कधी सवड असली तर एक गाडी सोडून द्या आणि उभे राहा. काँक्रीटच्या कड्यावरून उजेडाचा तिरपा पट्टा घसरत फलाटावर येतो, गाडी आली की डब्याच्या काचेवर चढतो, गाडी गेली की पुन्हा जमिनीवर. सफाई करणाऱ्या एक ताई त्या उजेडाच्या तुकड्यात दोन मिनिटं थांबून मग पुढे फरशी पुसतात, हे मी दोनदा पाहिलंय. डिसेंबरात मीही थांबतो.

खालून वर: पिंपरीहून किंवा स्वारगेटहून आलात तर

हे तुलनेने सोपं, कारण वर जायचं म्हटलं की सगळ्यांनाच दिशा कळते. एकच फसगत आहे. जमिनीच्या पातळीला उजेड दिसला की माणसाला वाटतं, आलो वर. तिथून पुढेही चढायचं आहे. वनाज आणि रामवाडीची पाटी दिसेपर्यंत थांबू नका.

वर पोचल्यावर दोन्ही दिशांच्या फलाटांपैकी आपला कुठला ते मधल्या मजल्यावरच नक्की करा. घाईत चुकीच्या फलाटावर चढलात तर पुन्हा उतरून दुसऱ्या बाजूने चढा, आणि तोवर तुमची गाडी डोळ्यांसमोरून जाते. आणि कृपा करून सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभं राहून फोनवर "हां, पोचलो, कुठेयस?" असं बोलू नका. मागून माणसं येत असतात, जिना थांबत नाही.

कुठे बदलावी, कुठे बदलू नये

नवी माणसं ॲपवर नकाशा बघतात आणि ॲप सांगेल तसं करतात. ॲपला जिने दिसत नाहीत. माझा अनुभव असा:

कोथरूडहून शनिवारवाड्याला जायचं असेल तर कोर्टाला जाऊन, तळाला उतरून, एक स्टॉप कसबा पेठेला येण्यात काही अर्थ नाही. त्याआधीच 'पुणे महानगरपालिका' स्थानकाला उतरा, शिवाजी पूल ओलांडा, दहा-बारा मिनिटांत शनिवारवाडा. पूल ओलांडताना नदी दिसते, तीही बघून घ्या, जशी असेल तशी.

अलका चौक किंवा लक्ष्मी रस्त्याची वरची बाजू गाठायची तर डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत जा. याच पुलावरून मेट्रोचा पूल आडवा जातो. २०२१ मध्ये तिथे काम चाललं होतं तेव्हा गणेश मंडळांनी हरकत घेतली होती, विसर्जनाचे उंच रथ खालून जाणार कसे म्हणून. मेट्रो झाली, मिरवणूकही निघते, पुण्यात दोन्ही लागतं.

तुळशीबागेचं माझं गणित वेगळं आहे. जाताना हात मोकळे असतात, डेक्कनहून चालत जातो. येताना पिशव्या असतात, तेव्हा मंडई स्थानक दारातच आहे, तिथून बसतो आणि कोर्टाला बदलतो. सुट्टे पैसे आणि पाय दोन्ही वाचतात. दगडूशेठच्या दर्शनालाही मंडईच जवळ. गणपतीत मेट्रोच्या वेळा वाढवतात. २०२५ च्या विसर्जनाला ती रात्रभर धावली. पण त्या दिवसांत पेठेतल्या स्थानकांवर आत-बाहेर जाण्याचे नियम गर्दीप्रमाणे बदलतात, दारावरच्या माणसाचं ऐका.

पिंपरी ते कोथरूड, पिंपरी ते पुणे स्टेशन, स्वारगेट ते कल्याणीनगर असल्या प्रवासांना मात्र बदल करणंच फायद्याचं. स्वारगेटला सातारा-कोल्हापूरच्या एसटीने उतरलात तर तिथूनच भुयारी गाडी पकडा, सिव्हिल कोर्ट आठ-दहा मिनिटांवर. संध्याकाळी सात वाजता रस्त्याने हेच अंतर जाऊन बघा म्हणजे फरक कळेल.

पुणे स्टेशनला उतरणाऱ्यांसाठी: मेट्रोचं स्थानक राजा बहादूर मिल रस्त्याच्या अंगाला आहे, म्हणजे रेल्वेच्या मुख्य इमारतीच्या मागे. पादचारी पुलाने जाता येतं, पण गाडी एक नंबर फलाटावर लागली असेल तर पूल ओलांडायला वेळ धरा. लोणावळा, तळेगावहून लोकलने येणाऱ्यांनी मात्र पुणे स्टेशनपर्यंत जाऊच नये. शिवाजीनगर रेल्वे स्टेशनला उतरा, मेट्रो शेजारीच. तिथून खाली उतरलात की कोर्ट एक स्टॉप, स्वारगेट चार.

विमानतळाला मेट्रो जात नाही. रामवाडीला उतरून बस किंवा रिक्षा. आणि पूर्वी 'भोसरी' नाव असलेल्या ज्या स्थानकाला लोक भोसरीसाठी उतरायचे ते खरं तर नाशिक फाट्यावर आहे, भोसरी गाव तिथून बरंच लांब. जुन्या नावावर विसंबून जेवणाचं आमंत्रण स्वीकारू नका.

तिसरी मार्गिका

हिंजवडीत नोकरी लागून आलेले हमखास विचारतात. माण-हिंजवडीहून येणारी तिसरी मार्गिका सुमारे २३ किलोमीटरची, २३ स्थानकांची, आणि तिचं शेवटचं टोक याच कोर्टापाशी. ती मात्र पहिल्या दोन मार्गिका चालवणाऱ्या महामेट्रो कंपनीची नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती खासगी भागीदारीतून बांधायला घेतली. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून दुमजली करायला घेतला तो याच कामासाठी. बाणेर-औंधकरांनी त्यापायी काय सोसलंय ते त्यांनाच विचारा, पण चहा घेऊन बसा, वेळ लागेल.

म्हणजे ज्या स्थानकात आत्ता दोनच प्रश्न आहेत, वर का खाली, तिथे तिसरा येणार. जांभळीचं निगडीकडे आणि कात्रजकडे वाढवण्याचं काम चालू आहे, वनाजच्या मार्गिकेला चांदणी चौक आणि वाघोली अशी दोन्हीकडे मंजुरी मिळाली आहे. ही सगळी गर्दी बदलायला इथेच येणार. आत्ताच जिने नीट ओळखून घेतलेले बरे.

रात्रीचं

मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री अकरापर्यंत चालते. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी, एरवी दहा. पण अकरा म्हणजे तुम्ही फलाटावर अकराला पोचलात तरी चालेल असं नाही. गाडी बदलायची असेल तर दुसरी गाडीही शिल्लक असायला हवी, आणि मध्ये ते पाच-दहा मिनिटांचे जिने आहेत. निघण्याआधी ॲपवर दोन्ही गाड्यांच्या शेवटच्या वेळा बघा. मंडईत मस्तानी पीत बसल्यामुळे एकदा माझी वनाजची शेवटची गाडी गेली. कोर्टाच्या बाहेर रात्री रिक्षा मिळते, पण रिक्षावाला मीटरवर यायला तयार होईपर्यंत निम्मा रस्ता चालून झालेला असतो.